श्रम करणाऱ्याची नाडी

औतास जुंपलेला बैल किती वेळ चालेल, केव्हां धापा टाकूं लागेल आणि केव्हां त्याला सोडून सावलींत बांधावें, हें आमच्या शेतकरी बंधूंस कोणीं शिकवावें लागत नाहीं. गुरांचे डॉक्टर आले म्हणजे शेपटीच्या मुळाशीं खालच्या अंगास बोटें लावून बैलाची नाडी पाहतात, हेंही पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु औतामागें चालणाऱ्या मनुष्याची नाडी त्या वेळीं किती असते, ती कशानें वाढते, आणि किती वाढली असतां त्यानें हात थांबवावा, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. आम्हीं स्वतः तो वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत विचारला नव्हता.

आम्ही कांहीं वैद्य नव्हे. महसूल खात्यांत तीस वर्षांवर कारकुनी केली. त्या काळांत आमचें चालणें बहुतेक टेबलापासून दप्तरखान्यापर्यंत. निवृत्त होऊन गांवीं आलों तो वैशाख महिना होता. धाकट्या बंधूंनीं ओढ्याकडचा फुटलेला बांध पावसापूर्वीं दुरुस्त करावयास काढला होता. आम्हींही उत्साहानें कुदळ हातीं घेतली. अर्धा तासही झाला नसेल, तोंच छातींत घण पडूं लागले, डोळ्यांपुढें अंधारी आली आणि आम्ही लिंबाखालीं बसलों. आमच्या शेजारीं एक जुने गडी खणीत होते. वयानें आमच्याहून सात-आठ वर्षांनीं वडीलच. ते पाण्याचा तांब्या घेऊन आले, तेव्हां बंधूंचें घड्याळ मागून घेऊन आम्हीं दोघांचीही नाडी मोजली. आमची मिनिटास १५२ भरली, त्यांची १०४. आणि काम त्यांनींच अधिक केलें होतें.

तालुक्याच्या डॉक्टरांनीं आमच्या हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलें आणि सांगितलें, “काका, हृदयाला रोग नाहीं, त्याला कामाची संवय राहिलेली नाहीं.” हें बोलणें आम्ही विसरूनही गेलों असतों. परंतु पुढें आठच दिवसांत शेजारच्या गांवीं आमच्या परिचयाचे एक बागाईतदार गेले. वय बावन्न, घरीं ट्रॅक्टर, मोटारसायकल, सर्व अनुकूलता. मजूर वेळेवर आले नाहींत म्हणून खताचीं पोतीं त्यांनीं स्वतःच ट्रॉलींतून उतरविण्यास घेतलीं. दहा-बारा पोतीं झाल्यावर ते छाती धरून खालीं बसले आणि रुग्णालयांत पोहोंचण्यापूर्वींच त्यांचा प्राण गेला. त्यांनीं प्रकृतीची तपासणी कधींच करून घेतली नव्हती. त्या दिवसापासून आम्हीं एक वही घातली, डॉक्टरांस विचारून व पुस्तकें पाहून माहिती गोळा केली, आणि तींतील उपयोगाचा भाग येथें देत आहों.

प्रथम मोजण्याची रीत. मनगटाच्या आंगठ्याकडील बाजूस, हाडाच्या आंतल्या अंगाला, तर्जनी व मध्यमा हीं दोन बोटें हलकेंच टेकावीं. आंगठ्यानें मोजूं नये; आंगठ्याला स्वतःचा ठोका असतो व दोहोंचा घोटाळा होतो. स्वस्थ असतांना अर्धें मिनिट मोजून दुप्पट करावी. काम थांबवितांच मोजावयाची असेल तर मात्र पंधराच सेकंद मोजून चौपट करावी, कारण श्रमाची नाडी फार झपाट्यानें उतरते आणि पुरें मिनिट मोजीत बसल्यास खरा आंकडा हातून जातो. विश्रांतीची नाडी सकाळीं अंथरुणांतच, चहा किंवा तंबाखू घेण्यापूर्वीं मोजावी. हीं दोन्हीं नाडी वाढविणारीं आहेत. वयांत आलेल्या मनुष्याची विश्रांतीची नाडी मिनिटास ६० ते १०० असते. लांब पल्ल्याचे धावणारे आणि सायकलपटू यांची चाळीस-पन्नासही असते, आणि तें दुबळेपणाचें लक्षण नव्हे.

असें कां व्हावें? ज्यांनीं मोट पाहिली आहे त्यांस हें समजावयास अडचण पडूं नये. मोटा आतां गेल्या, तरी आमच्या लहानपणीं विहिरीवर दोन बैलांची मोट चाले. मळ्याला पाणी अधिक हवें असेल तर दोनच उपाय असत: मोट मोठी करावी, नाहींतर खेपा वाढवाव्या. हृदय ही अशीच एक मोट आहे. विश्रांतींत तें एका ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त बाहेर लोटतें. मिनिटास ७२ ठोके धरले तर हा हिशेब पांच लिटरांवर येतो. मनुष्याच्या अंगांत एकंदर रक्तच सुमारें पांच लिटर असतें, म्हणजे मिनिटागणिक सगळें रक्त एकदां फिरून येतें. हें रक्त नवें उत्पन्न होत नसून तेंच तें चक्राकार फिरतें, हें इंग्लंडांतील विल्यम हार्वे यानें सन १६२८ च्या आपल्या ग्रंथांत सप्रमाण दाखविलें.

मनुष्य जोराच्या कामाला लागला म्हणजे स्नायूंस प्राणवायु फार लागतो, आणि हृदयाला मिनिटास वीस-पंचवीस लिटर रक्त फिरवावें लागतें. तेव्हां मोटही थोडी मोठी होते, परंतु मुख्य भर खेपांवर पडतो. हीच वाढलेली नाडी. ज्याला नित्य श्रमाची संवय आहे त्याच्या हृदयाची मोट हळूहळू कायमचीच मोठी होते. म्हणून तेवढ्याच कामाला त्याला खेपा थोड्या पुरतात. आमच्या गड्याचे १०४ आणि आमचे १५२ यांतील भेद बहुतेक याच हिशेबाचा होता.

त्याच वेळीं शरीर आणखी एक युक्ति करतें. पाटाच्या पाण्याचे बारे देतांना आपण एका वाफ्याचें दार मोडतों आणि दुसऱ्याचें बांधतों. तद्वत् श्रमाच्या वेळीं आंतडीं, मूत्रपिंड इत्यादींकडे जाणाऱ्या रक्ताचीं दारें अरुंद होतात आणि स्नायूंचीं उघडतात. विश्रांतींत एकंदर रक्ताचा पांचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग स्नायूंस मिळतो. जोराच्या श्रमांत पांचांपैकीं चार हिस्से तिकडे जातात. भरपूर जेवून उठल्याबरोबर कुदळ मारणें जड कां जातें, याचें उत्तर यांतच आहे. पोटालाही त्या वेळीं पाणी हवें असतें आणि स्नायूंनाही.

आतां या मोटेचे बैल कोण हांकतो तें पाहूं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांत एक बारीकसा ठिपका आहे. सन १९०७ मध्यें कीथ आणि फ्लॅक या दोघां शास्त्रज्ञांनीं तो शोधून काढला. प्रत्येक ठोक्याची ठिणगी तेथें उठते. त्याला स्वतंत्र सोडला तर तो मिनिटास सुमारें शंभर ठोके देईल. मग विश्रांतींत सत्तर-बहात्तरच कां? तर मेंदूपासून निघालेला वेगस नांवाचा मज्जातंतु त्याची वेसण सतत ओढून धरतो. आपण उठून कामाला लागलों कीं मेंदु प्रथम ही वेसण सैल करतो. म्हणून पहिल्या कांहीं सेकंदांतच नाडी चढते. शंभराच्या आसपास वेसण बहुतेक सुटलेली असते. त्यापुढें दुसऱ्या जातीच्या मज्जातंतूंचा आसूड बसतो आणि त्यांस मूत्रपिंडावरील ग्रंथींतून येणाऱ्या ॲड्रिनलीन या द्रव्याची मदत मिळते. कुस्तीच्या फडांत पहिलवानाची नाडी हात मिळविण्यापूर्वींच वाढलेली असते, ती याच कारणानें. वेसण सोडण्याचा हुकूम मेंदूकडून आगाऊच सुटतो. कचेरींत साहेबांनीं अचानक बोलाविलें म्हणजे आमचेंही असेंच होई, मात्र त्यांत व्यायाम घडत नसे!

वेसण ओढण्याचें हें काम वेगस एका रसायनाच्या द्वारें करतो. सन १९२१ मध्यें ऑटो लोवी यानें बेडकाच्या हृदयाचा वेगस चेतवून तेथील द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तों तेंही मंद झालें; या शोधाबद्दल त्याला १९३६ चें नोबेल पारितोषिक हेन्री डेल याजबरोबर मिळालें. शेतकऱ्यांस ही गोष्ट सांगण्याचें कारण वेगळें आहे. हें रसायन काम होतांच शरीरांत मोडलें जातें. परंतु फवारणीच्या कित्येक कीटकनाशकांचें विष हें मोडणेंच बंद पाडतें. मग बुबुळें बारीक होतात, लाळ व घाम सुटतो, दम लागतो, आणि नाडी पुष्कळदां मंदावते. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले, तें आपल्या स्मरणांत असेलच. सबब फवारणी करणाऱ्याची नाडी हळू आहे म्हणून तो ठीक आहे असें समजूं नये. कपडे काढून अंग धुवावें आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन त्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

श्रमानें नाडी किती वाढूं द्यावी? येथें एक ठोकळ हिशेब प्रसिद्ध आहे: २२० मधून आपलें वय वजा करावें, तो नाडीचा शेवटचा टप्पा. पन्नास वर्षांच्या मनुष्यास हा आंकडा १७० येतो. वय वाढेल तसा हा टप्पा खालीं येतो आणि कितीही तालीम केली तरी तो चढत नाहीं. या टप्प्याच्या निम्म्यापासून शेंकडा सत्तरपर्यंत नाडी असली तर श्रम मध्यम, आणि त्यापुढें पंचाऐंशीपर्यंत तो जोराचा समजतात. मात्र आम्ही ज्या खात्यांत आयुष्य काढलें त्यांतील आणेवारीसारखाच हा हिशेब आहे. आणेवारी गांवाची म्हणून खरी. एखाद्या गटांतील पीक तिच्याशीं जुळेलच असें नाहीं. कोणाचा टप्पा दहा-बारा ठोक्यांनीं वर, कोणाचा तितकाच खालीं. ज्यांना आंकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनीं एवढें पाहावें: काम करतां करतां शेजाऱ्याशीं बोलतां येतें परंतु गाणें म्हणतां येत नाहीं, तो मध्यम श्रम, चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तो जोराचा.

उन्हाची गोष्ट निराळी. तेंच खुरपणें, तीच वाट, परंतु मार्गशीर्षांत आणि वैशाखांत नाडी एक राहत नाहीं. उन्हांत अंग थंड राखण्यासाठीं पुष्कळ रक्त कातडीकडे वळवावें लागतें. शिवाय घामानें पाणी गेल्यामुळें रक्ताचा सांठाच कमी पडतो. विहिरीचें पाणी खोल गेलें म्हणजे मोट अर्धी भरते, तसा ठोका लहान होतो आणि खेपा वाढतात. काम वाढविलें नसतां तास-दीड तासानें नाडी आपोआपच चढत जात असेल तर सावलींत बसून पाणी प्यावें. घाम येण्याचा थांबला, बोलणें असंबद्ध झालें, तर तो उष्माघात होय. तेथें अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि वाहन बोलवावें.

आतां मुख्य मुद्दा. शेतकऱ्याला व्यायामाची काय गरज, तो तर जन्मभर श्रमच करतो, असें बोलण्याची पद्धत आहे. हें कोणाविषयीं खरें आहे? सन १९५३ मध्यें लंडनमध्यें जेरेमी मॉरिस या वैद्यानें तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून, वाहक तिकिटें देत दिवसभर जिना चढून-उतरून. राहणी सारखी, खातें एक. परंतु हृदयाचा विकार वाहकांत कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांस तो उतारवयांत व कमी घातक झाला. पुढें असेंही दिसून आलें कीं, चालकांच्या गणवेशांचीं कमरेचीं मापें नोकरीच्या प्रारंभींच मोठीं होतीं. म्हणजे सगळा दोष आसनाचा नव्हे. तरी आपल्या शेतांत चालक कोण आणि वाहक कोण, याचा विचार सातबाऱ्यावर नांव असणारांनीं एकदां करावा. आमच्या गांवीं ट्रॅक्टरवर मालक बसतात, आणि सरीमागून चालतात त्या मजुरीच्या बाया.

दुसरें असें कीं, शेतीचा श्रम बारमाही नाहीं. कोरडवाहू मुलखांत सुगी आटोपली म्हणजे महिनेच्या महिने हातपाय स्वस्थ, आणि मृगाची चाहूल लागली कीं एकदम कमर मोडेपर्यंत काम. या स्वस्थतेची किंमत किती, तें अमेरिकेंत टेक्सास प्रांतांतील डॅलस येथें सन १९६६ मध्यें केलेल्या प्रयोगानें कळतें. वीस वर्षें वयाच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे बिछान्यावर निजवून ठेविलें. उठल्यावर पाहिलें तों त्यांची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति शेंकडा पंचवीसांहून अधिक घटलेली. एका ठोक्यास निघणारें रक्त कमी झालेलें, आणि पूर्वींच्याच कामाला नाडी पुष्कळ जास्त. पुढें त्यांस सुमारें दोन महिने व्यायाम दिला, तेव्हां गेलेली शक्ति परत आली. एवढ्यावर हें प्रकरण संपलें नाहीं. तीस वर्षांनीं, १९९६ मध्यें, तेच पांच जण पुन्हां तपासले. मधल्या काळांत त्यांचीं वजनें वाढलीं होतीं, पन्नाशी आली होती. तरी तीस वर्षांच्या वयानें त्यांची जेवढी शक्ति खाल्ली होती, त्याहून अधिक ती तरुणपणच्या तीन आठवड्यांच्या बिछान्यानें खाल्ली होती! नंतर सहा महिने हळूहळू वाढत्या प्रमाणांत चालणें, धावणें, सायकल असा क्रम ठेविला, आणि विसाव्या वर्षीं प्रयोग सुरू होतांना होती तेवढी त्यांची शक्ति पन्नासाव्या वर्षीं भरून निघाली. पांच मनुष्यांचा प्रयोग लहानच. परंतु आम्हांस त्यानें मोठा धीर दिला.

अचानक श्रमाचा धोका हा याच हिशेबाचा दुसरा अंग आहे. सन १९९३ मध्यें अमेरिकेंत हृदयविकाराचा झटका आलेल्या बाराशेंहून अधिक लोकांस, झटक्यापूर्वीं ते काय करीत होते, हें विचारून पाहिलें. जोराच्या श्रमानंतरच्या तासांत झटक्याचा संभव एरव्हींच्या सुमारें सहापट आढळला. परंतु आठवड्यांतून पांच किंवा अधिक वेळां असे श्रम करणारांत तो अडीच पटींहूनही कमी, आणि आठवड्यांत एकदांही न करणारांत शंभर पटींहून अधिक! कोणत्याही एका तासांत झटका येण्याचा संभव मुळांतच फार थोडा असतो, म्हणून हे आंकडे वाचून कोणीं कुदळ टाकून देऊं नये. परंतु पोतीं उतरविणारे आमचे परिचित कोणत्या वर्गांत मोडत होते, हें आम्हांस वही उघडतांना नेहमीं आठवतें. शिवाय ओझें उचलतांना श्वास कोंडून धरल्यानें रक्ताचा दाब एकाएकीं फार चढतो. तेव्हां उचलतांना श्वास सोडीत जावा.

आमचा स्वतःचा क्रम असा राहिला. डॉक्टरांच्या सल्ल्यानें पहिले पंधरा दिवस नुसतें माळावरच्या शेतापर्यंत चालणें, वीस मिनिटांची चढती वाट. शेतावर पोहोंचतांच नाडी १३२ भरे. मग वाट तीच ठेवून वेळ वाढविला. आषाढांत हलकें खुरपणें, श्रावणांत रोज तासभर बांधबंदिस्तीचें काम. वहींतील नोंद पाहतां ज्येष्ठांत सकाळची विश्रांतीची नाडी ८६ होती. कार्तिकांत ती ७२ वर आली, आणि त्याच वाटेनें तितक्याच वेळांत पोहोंचल्यावर १३२ च्या जागीं ११० भरूं लागली. मध्यें ताप आला त्या आठवड्यांत सकाळचीच नाडी ९४ दिसली. अशा दिवशीं कामाला जाऊं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२० मध्यें आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोराचा श्रम, असें माप दिलें आहे. माळावर रोज जाऊन-येऊन तें सहज भरतें.

काम थांबविल्यावर नाडी किती लवकर उतरते, हेंही पाहण्यासारखें आहे. वेसण पुन्हां ओढली जाण्याचें तें माप होय. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील वैद्यांनीं सन १९९९ मध्यें २४२८ लोकांचा तपास प्रसिद्ध केला; श्रम थांबल्यावर पहिल्या मिनिटांत ज्यांची नाडी बारा किंवा त्याहून कमी ठोके उतरली, त्यांच्यांत पुढील सहा वर्षांत मृत्यूचें प्रमाण अधिक आढळलें. ती मोजणी यंत्राच्या पट्ट्यावर चालवून केलेली होती, बांधावर नव्हे. तरी वारंवार असें दिसल्यास डॉक्टरांस दाखवावें. आमची पहिल्या मिनिटांतील उतार आरंभीं १४ होती, आतां २५ आहे.

रक्तदाबासाठीं किंवा हृदयासाठीं ज्यांस नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांस वरील वयाचे हिशेब लागू नाहींत; त्यांची नाडी श्रमानेंही फारशी चढत नाहीं, आणि ती चढावी म्हणून त्यांनीं जोर करूं नये. ज्यांना मधुमेह आहे, जे विडी ओढतात, किंवा ज्यांच्या घराण्यांत हा विकार आहे, त्यांनीं जड कामाला हात घालण्यापूर्वीं आलेख काढून घ्यावा. नाडी कितीही असो, छातीवर दडपण आलें, कळ डाव्या हातांत किंवा जबड्यांत गेली, थंड घाम सुटला किंवा ठोके अनियमित पडूं लागले, तर तेथेंच बसावें आणि १०८ या क्रमांकास दूरध्वनि करून गाडी मागवावी. मोटारसायकलवर दोघांच्या मध्यें बसवून रोग्यास नेण्याची जी रीत पडली आहे, ती फार वाईट.

त्या जुन्या गड्यांची नाडी आम्हीं परवां पुन्हां मोजली. नांगरटींतील ढेकळें फोडीत होते, १०० भरली. ज्या वाचकांस हें पटेल त्यांनीं येत्या रोहिणीपासून सुगीपर्यंत दर आठवड्यास एकदां सकाळची आणि कामाची अशा दोन नाड्या लिहून ठेवाव्या. बरोबर आपलें वय, कामाचा प्रकार आणि त्या दिवशींचें ऊन हींही मांडावीं. असे तक्ते संपादकांकडे आल्यास आम्ही ते एकत्र करून याच मासिकांत देऊं. पायीं चालणारे मालक आणि ट्रॅक्टरवर बसणारे मालक यांचे तक्ते वेगळे ठेवावे, एवढी विनंति आहे.